भागूबाई कासारीण आणि मेलेलं दीड बोट

कर्जतच्या पेठेत सखा कासाराचं बांगड्यांचं दुकान होतं, पण त्याला सखाचं दुकान कुणीच म्हणत नसे. सगळे भागूबाईचं दुकान म्हणत. सखा दिवसभर गादीवर बसून बांगड्यांच्या माळा लावी, दम्याने धापा टाकी, आणि गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की सरळ डोळे मिटून घेई. धंदा चालायचा तो त्याच्या बायकोच्या पायांवर. एक दिवस कडाव, एक दिवस नेरळ, एक दिवस कळंब, असं भागूबाई डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावं पालथी घाली. लगीनसराईत तर तिला घरी जेवायलाही सवड नसे. पळसदरीपासून कळंबपर्यंत नवरीचा हिरवा चुडा भरायचा तर भागूबाईनेच, असं बायकांनी ठरवूनच टाकलं होतं.

तिला लोकांची तोंडं आठवत नसत. रस्त्यात एखादी बाई हसली तर भागूबाई आधी तिचा हात ओढून घेई, दोनदा दाबून बघी आणि मग म्हणे, "अगं, तू तर दहिवलीची! बोलायचं नाय व्हय?" हात मात्र ती एकदा धरला की विसरत नसे. अंगठा तळव्याखाली घ्यायचा, चारी बोटं जवळ आणायची, पंजाची हाडं एकमेकांवर सरकवायची आणि समोरची बाई बोलण्यात गुंतलेली असतानाच बांगडी मनगटावर उतरवायची, ही तिची रीत. चुडा घट्ट हवा, मनगटावर खुळखुळता कामा नये, हा तिचा हट्ट. ढिल्या बांगड्या भरणाऱ्या कासारांना ती कासार म्हणायलाच तयार नव्हती.

हातांचे आजार तिला नावाने ठाऊक नव्हते, पण बोटांना ठाऊक होते. कुणाच्या मनगटावर वाटाण्याएवढी गाठ असे, दाबली की सरके. कुणाचा अंगठा सकाळी आखडलेला असे. पोटुशी बायकांच्या हातांना मुंग्या येत आणि बाळंत झाल्या की जात. भागूबाई हे सगळं बांगडी चढवता चढवता ओळखी आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगून मोकळी होई. एकीला तिने भर बायकांत सुनावलं होतं, "हात दुखतो म्हनून दळन सुनंवर ढकलतीस, पन तुजा हात माज्यापरीस बरा हाय गं." ती बाई पुढे दोन वर्षं दुसऱ्या कासाराकडे गेली.

उन्हाळ्यात माथेरानचा हंगाम सुरू झाला की भागूबाई नेरळहून डोंगर चढून वर जाई. तिथेच तिला शुक्रा भेटला. ठाकूरवाडीतला हा गडी हातरिक्षा ओढायचा. रिक्षाचा दांडा धरला की त्याचं मधलं बोट मिटलेलं राही आणि काही केल्या उघडत नसे. दुसऱ्या हाताने ओढलं की खट्कन उघडे. भगताने धागा बांधला, आईने बिब्बा लावला, त्याने कातडी तेवढी भाजली. मग १९४६च्या हंगामात रिक्षात बसलेल्या एका साहेबांनी चढावरच रिक्षा थांबवायला लावली आणि शुक्राचा तळवा बघायला घेतला. ते डॉक्टर दिघे. लढाईची सगळी वर्षं फौजेच्या इस्पितळात शिपायांचे फाटलेले हात शिवण्यात त्यांनी घालवली होती. आता मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात होते आणि चैत्र-वैशाखात माथेरानला बंगली घेऊन राहत. त्यांनी बंगलीच्या पडवीतच शुक्राच्या तळव्याला सुई टोचून तेवढा भाग बधिर केला, बोटाच्या मुळाशी नखाएवढी चीर दिली आणि म्हणाले, "मिट मूठ. आता उघड." मूठ मिटली आणि उघडलीही. बोट ओढणारी दोरी ज्या नळीतून जाते ती आवळली होती, तेवढी मोकळी केली, एवढंच त्यांनी सांगितलं. शुक्रा महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला तळवा दाखवत होता. भागूबाईने तर तो चाचपूनच पाहिला, आणि तेव्हापासून हाताचा डॉक्टर म्हणून ती दिघ्यांचं नाव चारी बाजारांत घेऊ लागली.

त्यानंतरच्या संक्रांतीची गोष्ट. भागूबाई कळंबला सोनुबाईच्या अंगणात बसली होती. सोनुबाई म्हणजे भावकीतली वजनदार बाई, आवाज असा की शेतातला गडी घरातून हाकारता यावा. तिच्या जावा, पुतण्या, शेजारणी, सगळ्यांचे हात भरून झाले. भागूबाईने इकडेतिकडे पाहिलं.

"नवी सून कुठाय? सुंदरा गं. पळसदरीला चुडा मीच भरलावता तिचा. आन तिला."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सोनुबाई म्हणाली, "तिचं ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे काय? सनाला सुनंचा हात रिकामा ठेवतीस?"

सोनुबाई जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तिच्या हाताला वंगाळ रोग लागलाय. बोटं वाकडी झाली. भाजलं तरी कळत नाय. मोठा रोग हाय तो, भागूबाय. म्हयना झाला, गोठ्यात निजवतो."

मोठा रोग म्हणजे महारोग. त्याचं नाव कुणी तोंडाने घेत नसे. भागूबाई उठली आणि कुणी नको म्हणायच्या आत गोठ्यात शिरली. वाशिंड्या बैलाच्या पलीकडे पेंढ्यावर घोंगडी होती, शेजारी एक वेगळी पितळी, आणि घोंगडीवर सुंदरा. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. उजवा हात पदराखाली घेऊन बसली होती.

"हात दे," भागूबाई म्हणाली.

"नको मावशी. तुमाला लागंल."

"मला काय लागायचं ते लागू दे. दे म्हनते ना."

हात पुढे आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वाकलेली. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला मांसल भाग बसून तिथे खळगा पडला होता. करंगळीवर भाकरीच्या तव्याचा मोठा फोड होता, फुटलेला, आणि पोरीला त्याची दखलही नव्हती. खोटं कशाला सांगा, भागूबाईचाही हात क्षणभर मागे आला. घरी तिची नातवंडं होती. पण मग सुंदरा हळूच म्हणाली, "म्हयन्यात कुनी हात धरला नाय माजा," आणि भागूबाईला स्वतःची लाज वाटली. तिने तो हात मांडीवर घेतला आणि नेहमीसारखा चाचपायला सुरुवात केली.

पेटीतल्या बांगडीच्या कडेने ती एकेक बोट हलकेच घासत गेली. "कळतं? इथं? आन इथं?" करंगळी साफ मेलेली. शेजारच्या बोटाची करंगळीकडची बाजूही मेलेली. पण त्याच बोटाची दुसरी बाजू जिवंत होती, आणि तिथून पुढे सगळा हात जिवंत. मधोमध रेघ आखल्यासारखं बोट अर्धं मेलेलं आणि अर्धं जितं. भागूबाईने तीन वेळा करून पाहिलं. रेघ तिथेच होती. महारोग्यांचे हात तिने नेरळच्या बाजारात दुरून पाहिले होते, पण रोग असा दीड बोट मोजून थांबतो हे काही तिच्या मनाला पटेना.

बाहेर येऊन ती सोनुबाईला म्हणाली, "माथेरानला चैतात हाताचा डाक्टर येतो. त्याला दावू. तवर पोरीला हाकलू नको."

"हाकलत नाय," सोनुबाई म्हणाली, "पन घरात बी घ्यायची नाय. माजी बी लेक लग्नाची हाय."

सुंदराचा नवरा वाल्मिक खांबाला टेकून ऐकत होता. नेरळला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला जाणारा, अंगाने दणकट आणि आईपुढे मांजर. चार दिवसांनी तो कर्जतला दुकानात आला आणि बांगड्यांकडे बघत म्हणाला, "मावशी, आईनं दुसरी पोरगी बघाय सुरवात केलीय. मला नको हाय दुसरी. तुमी त्या डाक्टराकडं नेता का? मी आईला सांगंन, माहेरी सोडली म्हनून." बोलता बोलता तो रडकुंडीला आला. भागूबाईने त्याला पाणी दिलं आणि आईपुढे तोंड उघडत नाही म्हणून चार शब्दही दिले.

चैत्र लागला. वाल्मिकने सुंदराला नेरळला आणून सोडलं आणि दोघी डोंगर चढल्या. डॉक्टर पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या पत्नीने वर्षभराच्या बांगड्या भागूबाईकडूनच भरलेल्या, त्यामुळे बसायला लगेच मिळालं. डॉक्टरांनी हात हातात घेतला आणि भागूबाईला एकदम बरं वाटलं, कारण ते तिच्यासारखाच हात चाचपत होते, घाई न करता. कापसाचा धागा फिरवला, टाचणी टोचली. मग सुंदराच्या कोपराच्या मागे बोट घालून बराच वेळ दाबत राहिले. पाठ, दंड, गाल, कान, सगळीकडे कुठे बधिर चट्टा आहे का ते पत्नीला बरोबर घेऊन पाहिलं.

"गोठ्यात कोणी ठेवली?" त्यांनी विचारलं.

"सासूनं."

"सासूचं निदान अगदीच वेडगळ नाही. महारोगातही हीच नस धरली जाते आणि बोटं अशीच वाकतात. पण तेव्हा कोपरामागे ती दोरीसारखी जाड लागते. हिची चांगली बारीक आहे. अंगावर चट्टा नाही. आणि समजा, महारोग असता, तरी माणसाला गुरांत ठेवायचं कारण नाही." मग त्यांनी हात उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, बोट ठेवलं. "ही खूण कसली?"

दोन तांदळांएवढी पांढरी खूण होती. डॉक्टरांनी तिच्यावर टिचकी मारली, तशी सुंदरा दचकली. करंगळीत वीज गेल्यागत झालं म्हणाली. तिच्या मेलेल्या बोटात इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी झालं होतं.

"काच लागली व्हती," ती खाली बघून म्हणाली.

"कधी?"

सुंदराने ओझरतं भागूबाईकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. आणि भागूबाईला आठवलं.

विसरली नव्हती ती. नुसतं मनाच्या एका कोपऱ्यात सारून ठेवलं होतं, जसं त्या दिवशी तिथल्या सगळ्यांनीच सारून ठेवलं होतं. मागच्या वैशाखात पळसदरीला सुंदराचा चुडा भरताना पाचवी बांगडी अडकली. पेटीत मोठं माप होतं. पण चुडा घट्टच दिसायला हवा म्हणून भागूबाईने लहान मापच रेटलं, अंगठा दाबला, आणि काच फुटून आत घुसली. रक्ताची धार लागली. नवरीच्या चुड्यात काच फुटणं आणि वर रक्त सांडणं, याहून मोठा अपशकुन नाही. सुंदराच्या आईने हळदीची मूठ जखमेवर दाबली, भोवतीच्या बायकांनी गाणं चढ्या आवाजात सुरू केलं, भागूबाईने काचेचा तुकडा उपटून कमरेला खोचला आणि वरून दुसऱ्या बांगड्या चढवल्या. कुणी कुणाला गप्प बस म्हणालं नाही. तशी गरजच नव्हती. जखम आठ दिवसांत भरली, वरात गेली, आणि पंधरा बायकांपैकी एकीनेही तो शब्द पुन्हा काढला नाही. बोटं वाकायला लागली तेव्हा ती काच कुणाला आठवणार कशी? ती फुटलीच नव्हती.

डॉक्टर सांगत होते, "इथून एक नस जाते. करंगळीला आणि शेजारच्या अर्ध्या बोटाला जाणीव तीच देते, पंजाचे बारीक स्नायूही तीच चालवते. ती काचेने तुटली. तेव्हाच कोणी आणलं असतं तर लगेच जोडली असती. अजून वर्ष झालेलं नाही, म्हणून करून बघण्यात अर्थ आहे. मी यंदा पुढच्या महिन्यातच मुंबईला परततो. तिथे आणा. हात उघडून दोन्ही टोकं शोधीन, खराब झालेला भाग कापीन आणि केसाएवढ्या धाग्याने शिवीन. मग रोज थोडी थोडी करत ती बोटाकडे वाढेल. सगळी ताकद परत येईल असं वचन देत नाही. पण जाणीव बरीच यावी." त्यांनी कागदावर सगळं इंग्रजीत लिहून खाली सही केली. हा महारोग नाही, असंही लिहिलं.

उतरताना सुंदरा एका वळणावर थांबून म्हणाली, "मावशी, मी कुनाला सांगनार नाय. आईची बी अब्रू हाय त्यात. तुमी बी काळजी करू नगा." त्या पोरीला वाटलं, आपण मावशीला धीर दिला. भागूबाई मात्र वाटेकडेच्या एका दगडावर बसली.

घरी तिने सखाला सगळं सांगितलं. दुकान बंद करायची वेळ होती. सखाने माळा गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं.

"डाक्टराचा कागद हाय ना? मग झालं. तू कशाला बोलतीस? कासारनीच्या हातनं नवरीचं रगात सांडलं, आन तिनं ते झाकलं, हे एकदा बाहेर गेलं तर कोन मांडवात घेईल तुला? माज्यानं तर फिरवत नाय."

तो चुकीचं बोलत नव्हता, हेच तर दुखणं होतं. भागूबाईने कबूल केलं की कागदाने काम भागलं तर ती तोंड उघडणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती गप्प राहायला राजी झाली होती, म्हणून सखाला जरा भीतीच वाटली.

आठ दिवसांनी कळंबला बैठक भरली. सोनुबाईने वाल्मिकसाठी दुसरी मुलगी नक्की करत आणली होती आणि सुंदराच्या आईबापांना तिला घेऊन जायला बोलावलं होतं. अंगणात भावकीचे चार बाप्ये, पडवीत बायका, आणि गोठ्याच्या दाराशी सुंदरा. वाल्मिकने कागद काढला. शाळामास्तरांनी तो वाचून मराठीत सांगितला, काच लागून नस तुटली आहे, महारोग नाही.

"कंची काच?" सोनुबाई म्हणाली. "माज्या घरात तिला काच लागलेली नाय. कागद कुनी बी लिवून देतंय. सायबाला चार आंबे दिले का तो हत्तीला बी उंदीर लिवून देईल."

"लगनाच्या आदी लागली आसंल," वाल्मिक चाचरत म्हणाला.

सोनुबाई सुंदराच्या आईकडे वळली. "तुमच्याकडं लागलीवती का वो इहीनबाई?"

सुंदराच्या आईचं तोंड पांढरंफटक पडलं. हो म्हणावं तर चुड्यातला अपशकुन बाहेर येतो, म्हणजे फसवून पोरगी दिली. नाही म्हणावं तर पोरगी रोगी ठरते. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि म्हणाली, "नाय. आमच्याकडं काय बी झालं नाय."

सुंदराने आईकडे पाहिलं. बैठकीतला एक म्हातारा म्हणाला, "मग तर इषय मिटला."

भागूबाई पडवीच्या कडेला बसली होती. सखाला दिलेला शब्द तिला आठवत होता, दुकान आठवत होतं, नातवंडं आठवत होती. तिला वाटलं, आई कबूल करेल. मग वाटलं, सुंदराच बोलेल. मग कुणीच बोलणार नाही हे दिसल्यावर ती उठून अंगणात आली.

"लागली व्हती," ती म्हणाली. "माज्या हातनं लागली. पळसदरीला, चुडा भरताना. पाचवी बांगडी, उजव्या हाताची. माप ल्हान व्हतं, मोठं पेटीत व्हतं, पन मी ल्हानच रेटलं. फुटली आन हिथं घुसली." तिने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून जागा दाखवली. "रगात लय आलं. हिनं हळद दाबली, आन मी तुकडा काढून कमरंला खोचला. आमी सगळ्याजनी गप बसलो. पोरीला रोग नाय. तिची नस माज्या काचंनं तुटलीय. अपशकुन म्हना, काय म्हनायचं ते म्हना, मला म्हना."

सुंदराच्या आईने हंबरडा फोडला, "खरं हाय गं बाई, खरं हाय ते," आणि लेकीला जाऊन मिठी मारली. वर्षभराचं दाबलेलं रडणं होतं ते, लवकर थांबेना.

सोनुबाई उठली, गोठ्याच्या दाराशी गेली, सुंदराचा तोच वाकडा हात धरला आणि तिला उंबरठ्याच्या आत नेलं. मग परत बाहेर आली. "तू माज्या सुनंचा हात मारलास," ती भागूबाईला म्हणाली. "माज्या दाराशी पुन्यांदा पेटी उतरू नको." भागूबाईने मान हलवली आणि पेटी उचलली.

वैशाखात मुंबईला सुंदराच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे मनगट वाकवून प्लास्टरमध्ये ठेवलं, मग हळूहळू सरळ केलं. डॉक्टरांनी बोटांसाठी एक कातडी पट्टा दिला आणि रोज बोटं ताणायला सांगितलं. वाल्मिक कामावरून आला की स्वतः तिची बोटं ताणून द्यायचा, आईच्या देखत. दिवाळी झाली, संक्रांत झाली, बोटं तशीच. मग पुढच्या होळीच्या सुमाराला भाकरी उलटताना सुंदराच्या करंगळीला चटका बसला आणि ती एवढ्याने ओरडली की सोनुबाई अंगणातून धावत आली. सुंदरा बोट धरून हसत होती आणि रडतही होती. वाल्मिकने ही बातमी कर्जतला येऊन सांगितली. भागूबाईने त्याला दोनदा सांगायला लावली. पंजाची सगळी ताकद काही आली नाही, करंगळी जरा वाकडीच राहिली, पण दीड बोट जिवंत झालं.

इकडे भागूबाईच्या दारात त्या लगीनसराईत एकही बोलावणं आलं नाही. पुढच्याही नाही. मांडवात रक्त सांडणारी कासारीण, असं नाव झालं. ज्या पंधराजणी त्या दिवशी जोरजोरात गात होत्या, त्यांतल्या दोघी हे नाव पसरवण्यात पुढे होत्या. बाजारात एखादी बाई आलीच, तर काचेच्या बांगड्या विकत घेई, पण हात पुढे न करता "घरी नेऊन भरते" म्हणे. सखा एका शब्दाने बोलला नाही, आणि तो बोलला असता तर बरं, असं भागूबाईला वाटे. देश स्वतंत्र झाला त्या श्रावणात त्याने कुठून तरी तीन रंगांच्या बांगड्या मिळवल्या, त्या खपल्या, आणि त्यावर चार महिने निघाले. तिला कधीकधी पश्चात्तापही व्हायचा. मग ती पश्चात्ताप झाला म्हणून स्वतःवर चिडायची आणि सगळ्या माळा उगाच पुसत बसायची.

१९४९च्या माघात, बाजाराच्या दिवशी, दुकानापुढे सोनुबाई येऊन उभी राहिली. सखाने सवयीने डोळे मिटले. भागूबाईला तोंड आठवलं, हात बघायची गरज पडली नाही.

"माज्या लेकीचं लगीन हाय," सोनुबाई म्हणाली. "चुडा भराया येशील?"

भागूबाईला आधी वाटलं थट्टा आहे. "मला नको इचारू," ती म्हणाली. "लोक काय म्हनतील? तुज्या घरात तर मी पाय ठेवायचा नाय."

"मीच म्हनलेली ना ते? मग मीच बोलावतीय." सोनुबाईचा आवाज पेठेच्या दुसऱ्या टोकाला जात होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. "दुसऱ्या कासारनीला इचारून आले. ती म्हनली, माज्या हातनं उभ्या जल्मात एक काच फुटली नाय. खोटारडी! पंधरा बाया गप बसल्या आन माजी सून पाच म्हयनं गोठ्यात जेवली. मी जेवाया घातली तिला तिथं, मी. माज्या लेकीच्या हाताला काय झालं, तर मला त्याच घडीला कळाया पायजे. तू सांगशील. दुसरी कोन सांगंल?"

सखाने डोळे उघडले आणि हिरव्या बांगड्यांची माळ पुढे सरकवली. भागूबाईला काहीतरी फटकळ उत्तर द्यायचं होतं, नेहमीप्रमाणे ओठावर आलंही होतं, पण भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या देखत, पदर तोंडाला लावून ती रडायला लागली, आणि सोनुबाई तिथेच पायरीवर बसून तिचं रडणं संपायची वाट बघत राहिली.